श्रावण मेश्राम आणि कोमट पाण्याचा हौद

श्रावण मेश्राम यांना कोणी ‘मिस्त्री’ अशी हाक मारली तर ते वळून पाहत नसत. दुसऱ्यांदा हाक आली की थांबत आणि हाक मारणाऱ्याकडे न पाहता म्हणत, “मिस्त्री तिकडं भित बांधून राहिला. मी सुपरवायझर आहो.” त्यांच्या परवान्यावर हाच शब्द होता. तो त्यांनी नोकरी सांभाळून, परीक्षेत एकदा नापास होऊन मिळवला होता, आणि नापास झाल्याचंही ते लपवत नसत. “अर्थिंगच्या प्रश्नात गेलो,” ते सांगत. “तवापासून मले दुसरं सपनच पडत नाही.”

ते खापरखेड्याला विजेच्या कामात होते आणि तिथल्याच वसाहतीत राहत. नोकरी पाळीची. सुट्टीच्या दिवशी बसनं नागपुरात येत आणि ओळखीच्या लोकांची वायरिंगची कामं तपासून देत. मोबदला म्हणून जेवण चाले. सल्ला चालत नसे.

माझी त्यांची ओळख सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाली. मी तेव्हा नागपुरातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. धंतोलीत पोलिओ झालेल्या मुलांसाठी एक संस्था होती. तिथे मुलांना व्यायाम, मालिश आणि पायाला बांधायचे कॅलिपर मिळत. मी बातमीसाठी गेलो होतो, ते मुलीला घेऊन आले होते. मुलीचं नाव संघमित्रा, घरी मित्रा. सहा वर्षांची, डावा पाय बारीक, बोलायला वडिलांसारखी. मी नाव विचारलं तर म्हणाली, “आधी तुमचं सांगा.”

मेश्राम उंच आणि सडपातळ होते. खाकी पँट, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट असा त्यांचा वेश. बूट लग्नातही तेच. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. धातू अंगावर घालून विजेजवळ जाणाऱ्या माणसाला ते वेडा समजत, आणि आपण कधीही विजेजवळ जाऊ शकतो असं धरून चालत. सुमनबाई, त्यांच्या पत्नी, यावर म्हणत, “लग्नातली आंगठी पेटीतल्या पेटीत म्हातारी झाली.”

कोणत्याही वस्तूला ते आधी हाताची पाठ लावत. दाराची कडी असो, चहाचा पेला असो, तापलेल्या मुलीचं कपाळ असो. मी एकदा कारण विचारलं. “तळवा लावला अन् करंट असला तं मूठ आवळते,” ते म्हणाले. “मंग सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाही. पाठ लावली तं हात मांघं येते. पन ही तपासनी नोहे, ही सवय आहे. तपासनी टेस्टिंगच्या दिव्यानं करायची.” मग आपलं ठेवणीतलं वाक्य त्यांनी जोडलं: “करंट कोनाचा जवाई नोहे.”

आमच्या दैनिकातल्या एका उपसंपादकानं त्यांना रविवारी जेवायला बोलावलं होतं. पानं वाढली. मेश्राम हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि पाणी गरम करायचा रॉड हातात घेऊन, पाणी निथळत, परत आले.

“वहिनी, हे कोनं लावलं?”

“आमचे हेच लावतात रोज.”

“बादली लोखंडाची. जमीन ओली. वायरले दोन जागी पट्टी. तुमचे हे विमा काढून आहेत का?”

उपसंपादक हसले. मेश्राम हसले नाहीत. प्लॅस्टिकची बादली आणि नवी वायर बाजारातून येईपर्यंत ते पानावर बसले नाहीत. वहिनी म्हणाल्या, वरण थंड झालं. “थंड वरनानं कोनी मेलं नाही वहिनी,” मेश्राम म्हणाले. त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं गेलं, पण आधी न्हाणीघर आवरून.

कामाला हात घालण्याआधी ते मुख्य फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवत. स्विच बंद केला एवढ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्विच दुसरा माणूस चालू करू शकतो, खिशातला फ्यूज करू शकत नाही. इंदोऱ्यात एका लग्नात मांडवाची वायरिंग तपासून ते फ्यूज खिशात ठेवूनच वसाहतीच्या बसमध्ये बसले. संध्याकाळची वेळ, तेवढ्यात वरात दारात आली आणि मांडवात अंधार. नवरदेवाचा मामा सायकलनं बसमागे निघाला. कोराडीच्या वाटेवर एका थांब्यावर बस गाठून तो खिडकीतून ओरडला, “ओ सुपरवायझर साहेब, आमची नवरी तुमच्या खिशात आहे!” ही गोष्ट इंदोऱ्यात अनेक वर्षं सांगितली जाई. मेश्राम स्वतःही सांगत. शेवटी म्हणत, “पन मी नव्हतो तवा कोनी हात लावू शकला का? नाही ना?”

आणखी एक नियम होता. तो मात्र ते हसत सांगत नसत. तरुणपणी त्यांनी दोन भावांना एका लाइनवर काम करताना पाहिलं होतं. थोरला खांबावर, धाकटा खाली स्विचपाशी. वर थोरल्याचा पाय घसरला आणि तो ओरडला. तेवढंच झालं होतं. पट्ट्यानं तो अडकलेला होता, पडला नसता. धाकट्यानं भावाचा आवाज ऐकला आणि घाबरून हँडल ओढलं. स्विच बंदच होता. तो चालू झाला. मेश्राम पुढचं सांगत नसत. “घरचा मानूस खांबावर असला तं घरच्यानं स्विचवर बसायचं नाही,” एवढंच म्हणत. “परक्याचा हात थरथरत नाही.”

हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पुढे जे झालं त्यात या नियमाचा भाग मोठा आहे, म्हणून तो इथे सांगितला.

संस्थेच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली एक हौद बांधायचं ठरलं. व्यायाम शिकवणाऱ्या लीलाताई मुंबईत शिकून आल्या होत्या. आखडत चाललेला पाय कोमट पाण्यात सैल होतो, पाण्यात मुलाचं वजन पायावर येत नाही, आणि जमिनीवर न उभं राहणारं मूल पाण्यात उभं राहतं, हे त्यांनी समितीला पटवलं होतं. पण हे वाढीच्या वयातच साधतं. एकदा शीर आखडून पक्की झाली की पाणी काही करू शकत नाही. नागपूरचा हिवाळा हौदाच्या दृष्टीनं वाईट. सकाळचं पाणी दात वाजवणारं. म्हणून पाणी तापवण्याची सोय हवी होती. वायरिंगचं काम मेश्रामांनी मागून घेतलं. मित्रा त्या हौदात उतरणार होती.

रचना साधी होती. एका लोखंडी ड्रममध्ये तापणाऱ्या सळया. पंप हौदातलं पाणी ड्रममध्ये ढकलणार, ते तापून दुसऱ्या पाइपानं हौदात परत येणार. पंपाची मोटर एका गिरणीच्या बंद पडलेल्या खात्यातून देणगी आली होती. तिच्याबरोबर वेग कमीजास्त करायचा रेग्युलेटर होता. हँडल फिरवलं की मोटर टप्प्याटप्प्यानं हळू किंवा जोरात चाले.

मेश्रामांनी सुट्ट्या त्या कामात घातल्या. स्विचबोर्ड भिंतीच्या पलीकडे घेतला, ओल्या माणसाचा हात पोचणार नाही अशा जागी. शिडी, कठडा, पंप, ड्रम, पाइप, जो जो धातू पाण्यातल्या मुलाच्या हाताला लागू शकेल तो सगळा त्यांनी तांब्याच्या पट्टीनं एकमेकांशी जोडला. ती पट्टी हौदामागच्या खड्ड्यात, कोळसा आणि मिठाच्या थरांत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत नेली. संस्थेचे सचिव वकील होते. त्यांनी विचारलं, “एवढं तांबं कशाला?”

“सारे एका घरचे झाले पायजे, वकीलसाहेब. शिडीचं अन् पान्याचं भांडन झालं तं मधात पोट्टं सापडते.”

ड्रमची वीज त्यांनी पंपाच्या स्टार्टरमधून घेतली. पंप बंद पडला तर सळयाही बंद पडणार. चाचणीच्या दिवशी पंप जोरात चालवला. पाणी हळूहळू कोमट झालं. लीलाताईंनी हात घालून पाहिला आणि त्या खूश झाल्या. मग त्यांनी एका लहान मुलाला शिडीवरून उतरवायचा विचार केला आणि थांबल्या. पाण्याला इतका जोर होता की अशक्त पायाचं मूल उभं राहिलं नसतं.

“मुलं पाण्यात असताना वेग कमी ठेवावा लागेल,” त्या म्हणाल्या. “त्यासाठीच तर रेग्युलेटर आहे ना?”

मेश्रामांनी हँडल खालच्या टप्प्यावर आणलं. पाणी शांत झालं. ते ड्रमपाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं आतून ठक ठक आवाज येऊ लागला. त्यांनी बाहेर येणाऱ्या पाइपाला हाताची पाठ लावली आणि झटक्यात काढली. भिंतीमागे जाऊन सगळं बंद केलं.

“ताई, हे नाही जमत.”

“का? पंप चालू आहे. तुम्हीच म्हणालात, पंप बंद पडला तर हिटर बंद पडतो.”

“बंद पडला तं. तो बंद कुठं पडला? तो दमानं चालून राहिला. पानी ड्रममधी बसून राहते अन् उकळते. मंग एकदम लोट येते हौदात. जे पोट्टं पाइपापाशी उभं असन, त्याले पळता येते का?”

लीलाताईंनी शिडीजवळच्या मुलाला मागे घेतलं.

“अन् कोरड्या पडल्या तं सळया फाटते. मंग करंट पान्यात. चूक माहीच आहे. मी मोटरले इचारून राहिलो, बाई तू चालू आहेस का. इचाराले पायजे होतं पान्याले.”

पाण्याला विचारणारं साधन अस्तित्वात होतं. पाइपाच्या आत बसवायची एक पाती. पाणी पुरेसं वाहिलं की ती लवते आणि हिटरला वीज मिळते. वाहणं मंदावलं की वीज तुटते. नागपुरात ती मिळाली नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यानं बाहेरून मागवावी लागेल, वेळ लागेल, असं सांगितलं. मेश्रामांनी तोवरचा मार्ग सुचवला: सकाळी हौद रिकामा असताना पाणी जोरात फिरवून तापवायचं, हिटरचा फ्यूज काढायचा, मग वेग कमी करून मुलं उतरवायची. पण छपराच्या बाजू उघड्या होत्या. डिसेंबरच्या वाऱ्यात पाणी पहिली तुकडी बाहेर येईपर्यंत गार होई. बाकीची मुलं काठावर टॉवेल गुंडाळून बसून राहत आणि तशीच घरी जात.

समितीची बैठक झाली. मी बातमीसाठी तिथे होतो. सचिवांचं म्हणणं होतं की मुंबईची पाती येईल तेव्हा येईल, हिवाळा थांबणार नाही. लीलाताई म्हणाल्या, “मेश्राम साहेब, तुमची भीती मला कळते. पण मुलांचे पायही थांबत नाहीत.”

“मंग जी मुलं उतरतीन ती पायानं चालत बाहेर आली पायजे का उचलून आनाची?” मेश्राम म्हणाले.

बैठक तिथेच संपली. मेश्रामांनी हिटरचा फ्यूज काढून खिशात घातला आणि ते खापरखेड्याला गेले. या वेळी कोणी सायकलनं मागे गेलं नाही. सीताबर्डीतल्या एका कंत्राटदाराला बोलावण्यात आलं. त्यानं दुसरा फ्यूज बसवला, सळया थोड्या कमी जोरावर आणल्या, वेग खालच्या टप्प्यावर ठेवला आणि सांगितलं, चालतं. हौद सुरू झाला. उद्‌घाटनाची बातमी मी दिली. वायरिंग कोणी केलं हे अशा बातमीत येत नाही.

पहिल्या सकाळी मेश्राम संस्थेच्या फाटकावर उभे होते. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगत होते, मूल पाण्यात उतरवू नका. काहींनी ऐकून घेतलं. इतवारीत हमाली करणारे एक गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन आले होते. त्यांनी मेश्रामांचं सगळं बोलणं ऐकलं.

“तुमी नोकरीवाले, जी,” ते म्हणाले. “तुमची पोरगी बसून राहिली तरी खाईन. माह्या पोट्ट्याले चालाच लागन.”

ते आत गेले. मेश्राम फाटकावर काही वेळ उभे राहिले. मग तेही आत गेले आणि सचिवांना म्हणाले, “ज्या सकाळी मले सुट्टी आहे त्या सकाळी मी हँडलवर बसतो. पान्याचा वेग कमी केला का हिटर मी हातानं बंद करीन. पाइप धरून बसन. बाकी दिवशी तुमचं तुमी पाहा.”

सचिवांना यात गैर काही वाटलं नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मेश्राम सुट्टीच्या सकाळी भिंतीमागे स्टुलावर बसलेले असत. पाइपावर हात, कान ड्रमकडे. वेग वाढवून पाणी तापवायचं, हिटर बंद करून वेग कमी करायचा, तुकडी बाहेर आली की पुन्हा तापवायचं, हे ते न कंटाळता करत. पाण्यातल्या मुलांचा आरडाओरडा भिंतीपलीकडून येई. त्यांना हौद दिसत नसे.

लीलाताईंनी त्यांना विचारलं, “तुम्ही स्वतः बसता त्या दिवशी तरी मित्राला आणा. त्याहून सुरक्षित काय असणार?”

“ती पान्यात अन् मी हँडलवर? ती वरडली तं माहा हात काय करीन, मले सांगता येत नाही.”

“मग दुसऱ्या दिवशी आणा.”

“दुसऱ्या दिवशी तिथं कोनी बसत नाही.”

लीलाताई मेश्रामांबरोबर खापरखेड्याला त्यांच्या घरी गेल्या. त्यांच्याबरोबर मीही गेलो होतो. वसाहतीवर मला काही लिहायचं होतं. बसमध्ये, रस्त्यात, दाराशी लोक मेश्रामांना जयभीम घालत होते. सुमनबाईंनी चहा केला. मित्रा खाटेवर बसून आमचं बोलणं ऐकत होती. लीलाताईंनी तिचा पाय हातात घेतला, टाच दाबून पाहिली. टाच आता पूर्वीइतकी खाली येत नव्हती. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं.

सुमनबाई पदरानं कप पुसत होत्या. त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, “साऱ्यायचे लेकरं पान्यात जाऊन राहिले. कोनाले काही झालं का? लोकायच्या लेकरासाठी सुट्टीचे दिवस हँडल धरून बसता. अन् आपली पोरगी खाटेवर.”

“तुले समजत नाही वं.”

“मले समजत नाही म्हनूनच मी धाडली असती.”

मेश्रामांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “ते बरोबर आहे. ज्याले मालूम नाही तो धाडू शकते. मले मालूम आहे ना आत काय आहे.”

मित्रानं विचारलं, “बाबा, पानी किती गरम आहे?” उत्तर लीलाताईंनी दिलं. म्हणाल्या, “तुझ्या हाताइतकं.” मित्रानं आपला हात गालाला लावून पाहिला.

दोन्ही हिवाळे कोणालाही काही झालं नाही. हे नोंदवणं आवश्यक आहे. हमालाचा मुलगा दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी कॅलिपर बांधून आवारभर चालला, आणि वडिलांनी सगळ्यांना पेढे वाटले. मेश्रामांनाही दिला. मेश्रामांनी तो खाल्ला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

पाती त्या उन्हाळ्यात आली. मेश्राम ती बसवायला आले आणि त्यांनी ड्रम उघडला. मी त्या वेळी लीलाताईंबरोबर तिथे होतो. एका सळईचं आवरण मधोमध फाटलेलं होतं. फाटलेल्या जागेवर चुन्यासारखा थर जमला होता. वीज त्या भेगेतून पाण्यात येत होती, तिथून ड्रमला आणि ड्रमवरून तांब्याच्या पट्टीनं हौदामागच्या खड्ड्यात. कंत्राटदारानं फ्यूजला तार जाड घातली होती, त्यामुळे तो वितळला नव्हता. पट्टीला त्यानं हात लावला नव्हता. पट्टी मेश्रामांनी घातली तशीच होती, फक्त ड्रमजवळचा सांधा काळा पडला होता.

किती दिवस असं चाललं होतं हे सांगता येत नव्हतं. मेश्रामांनी स्वतः कितीतरी सकाळी त्याच पाइपावर हात ठेवला होता. सगळं एकमेकांशी जोडलेलं असल्यामुळे त्यांना काही जाणवलं नव्हतं, आणि पाण्यातल्या मुलांनाही नाही.

लीलाताई हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या अर्थिंगनं मुलं वाचली.”

“वाचली,” मेश्राम म्हणाले. ते फाटलेली सळई हातात फिरवत होते. “पन पट्टीवर लेकरं ठेवत नसते, ताई. पट्टी शेवटची असते.” थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, आणि हे आमच्याशी होतं असं वाटलं नाही. “माहीच पट्टी होती. मले माह्याच कामावर भरोसा नव्हता.”

लीलाताईंनी समितीला सळईबद्दल कळवलं. नवी सळई आली, योग्य फ्यूज आला, पाती बसली. पाण्याचा वेग उतरला की हिटरची वीज आपोआप तुटू लागली. भिंतीमागचं स्टूल चौकीदारानं नेलं.

थंडी सुरू झाल्यावर मेश्राम मित्राला घेऊन आले. ती आठ वर्षांची झाली होती. शिडीवरून तिला लीलाताईंनी उतरवलं. मेश्राम काठावर उभे होते. पाण्यात ती हसली, पाणी उडवलं, दुसऱ्या मुलीशी भांडलीसुद्धा. लीलाताई तिच्या टाचेवर काम करत राहिल्या. तो सगळा हिवाळा त्या काम करत राहिल्या. टाच खाली आली नाही. पुढे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, त्यानं थोडा फरक पडला. कॅलिपर आणि काठी कायमची राहिली.

दोन हिवाळे आधी पाणी मिळालं असतं तर पाय सुटला असता का, हे मी लीलाताईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “काही मुलांचा सुटला, काहींचा सुटला नाही. तिचा सुटला असता असं मी म्हणू शकत नाही. सुटला नसता असंही म्हणू शकत नाही.” मेश्रामांनीही त्यांना हेच विचारलं होतं, आणि त्यांनाही हेच उत्तर दिलं होतं, असं त्या म्हणाल्या. यापेक्षा कठीण उत्तर मेश्रामांना मिळू शकलं नसतं.

त्यानंतर मेश्राम बदलले का? वरून तरी नाही. बूट तेच, शर्टाची बटणं मनगटापर्यंत. लोकांच्या न्हाणीघरातल्या बादल्या ते पूर्वीसारख्याच तपासत. पण एखाद्या घरी वायरिंग धोक्याचं आहे असं सांगून झाल्यावर थोडं थांबत आणि म्हणत, “मी तं सांगून राहिलो. पुढचं तुमी ठरवा.” हे वाक्य त्यांच्या तोंडी पूर्वी नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, सीताबर्डीच्या बसथांब्यावर. केस पांढरे झाले होते. ते मित्राला बसवर पोचवायला आले होते. कामठीच्या एका शाळेत ती नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती. बसला वेळ होता. ती थांब्यावर मैत्रिणीशी बोलत उभी राहिली आणि आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला. सुमनबाईंची तब्येत, वसाहतीतली नवी माणसं, माझी बदली असं बोलणं झालं. मग मी हौदाचा विषय काढला. म्हटलं, शेवटी काही झालं नाही, हे बरंच झालं.

“बरंच झालं,” ते म्हणाले. पेला त्यांनी टपरीच्या फळीवर ठेवला. “झालं असतं तं मी बरोबर ठरलो असतो. पन असं कोनी मांगू शकते का? नाही झालं म्हनून हे सारे लेकरं चालून राहिले. अन् नाही झालं म्हनून माही पोरगी...”

बस आली होती.

गर्दी पुढच्या दारानं चढली. मित्रा मागच्या दाराशी गेली. पायरी उंच होती. तिनं काठी आत ठेवली, दांडा धरला, कॅलिपरचा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला. मेश्राम तिच्या मागे गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

“बाबा, राहू द्या ना,” ती मागे न वळता म्हणाली. “मी चढून राहिली.”

कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला. आतले लोक पाहत होते. मेश्रामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. दुसरा पाय वर यायला वेळ लागला. एकदा तोल गेला, तिचा खांदा दारावर आपटला. ते जागचे हलले नाहीत. ती वर गेली, काठी उचलली, आत दिसेनाशी झाली. घंटी वाजली.

बस झाशी राणीच्या चौकाकडे वळून गेली. मेश्राम रस्त्यावर तसेच उभे होते, पाठीमागे मनगट धरून.